दि. ब. देवधर

दिनकर बळवंत देवधर (जन्म : १४ जानेवारी १८९२, पुणे, मृत्यू : २४ ऑगस्ट १९९३, पुणे) हे भारतीय क्रिकेट खेळाडू, महाराष्ट्र क्रिकेट संघाचे कर्णधार आणि पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक होते. उजव्या हाताने फलंदाजी करणाऱ्या देवधरांची प्रथम श्रेणी क्रिकेटमधील कारकीर्द १९११ ते १९४८ अशी सदतीस वर्षांची झाली. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ या सलग दोन हंगामांत रणजी करंडक जिंकला. महाराष्ट्राला हे विजेतेपद त्यानंतर पुन्हा मिळालेले नाही.

देवधर एकही कसोटी सामना खेळले नाहीत. तरीही त्यांना भारतीय क्रिकेटचे पितामह म्हटले जाते. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभी भारतातील मोठे सामने धर्मावर आधारलेल्या संघांमध्ये होत असत. कारकिर्दीच्या अखेरीस प्रदेशांवर आधारलेले संघ हाच देशांतर्गत क्रिकेटचा पाया झाला होता. हे स्थित्यंतर खेळाडू म्हणून अनुभवलेल्या आणि त्यात एका प्रदेशाच्या संघाला ओळख मिळवून देणाऱ्या मोजक्या व्यक्तींमध्ये देवधरांची गणना होते.

== पार्श्वभूमी ==

देवधरांच्या लहानपणी पुणे हे लष्करी छावणीचे आणि त्याच वेळी राष्ट्रीय चळवळीचे शहर होते. छावणीतील इंग्रज अधिकारी आपल्या मैदानांवर क्रिकेट खेळत, तर शहरातील हिंदी तरुण शाळांच्या आणि तालमींच्या आवारांत खेळ शिकत. पूना यंग क्रिकेटर्स हिंदू जिमखाना १९०० मध्ये आणि डेक्कन जिमखाना १९०६ मध्ये स्थापन झाला. या संस्थांमुळे पुण्यातील मध्यमवर्गीय मराठी तरुणांना नियमित सामने मिळू लागले. इंग्रजांच्या क्लबात मैदानाची कामे करता करता फिरकी गोलंदाजीत निष्णात झालेले पालवणकर बाळू हेही पुण्याच्याच क्रिकेटमधून पुढे आले होते.

मुंबईची स्थिती वेगळी होती. तेथे पारशी समाजाने क्रिकेट फार आधी आत्मसात केले होते. व्यापारी पेढ्या, जिमखाने आणि समुद्रकाठची मैदाने यांमुळे खेळाला पैसा व प्रेक्षक दोन्ही मिळत. पुण्याच्या खेळाडूला नाव कमवायचे असेल, तर मुंबईत जाऊन खेळावे लागे. पुणे आणि मुंबई यांच्यातील क्रिकेटच्या चुरशीचे मूळ या परिस्थितीत आहे. पुढे देवधरांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी खेळी याच चुरशीतून घडली.

== अध्यापन ==

देवधरांचा व्यवसाय क्रिकेट नव्हे, तर अध्यापन हा होता. शिक्षण प्रसारक मंडळीने १९१६ मध्ये सुरू केलेले न्यू पूना कॉलेज पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. देवधर तेथे संस्कृत शिकवीत. त्या काळी हिंदी खेळाडूंना सामन्यांतून उपजीविका होण्यासारखे उत्पन्न मिळत नसे. संस्थानिकांच्या पदरी नोकरी किंवा स्वतःचा स्वतंत्र व्यवसाय असे दोनच मार्ग खेळाडूंपुढे होते. देवधरांनी दुसरा मार्ग स्वीकारला आणि पुणे सोडले नाही. प्राध्यापक ही उपाधी त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. वृत्तपत्रांत आणि लोकांच्या बोलण्यात ते प्रा. देवधर म्हणूनच ओळखले जात.

== तिरंगी व चौरंगी सामने ==

देवधरांनी १९११ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, हिंदू संघाकडून प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. युरोपीय व पारशी यांच्यातील वार्षिक सामन्यांत १९०७ पासून हिंदू संघ सामील झाल्याने ही स्पर्धा तिरंगी झाली होती. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला व ती चौरंगी झाली. १९३७ मध्ये उर्वरितांचा संघ आल्यावर तिला पंचरंगी म्हटले जाऊ लागले.

हे सामने त्या काळातील सर्वांत लोकप्रिय सामने होते. त्यांत खेळाडूची निवड तो कोठला आहे यापेक्षा तो कोणत्या धर्माचा आहे यावर होई. हिंदू संघातही सर्वांना समान वागणूक मिळत नसे. चर्मकार समाजातील पालवणकर बंधू संघाचे आधारस्तंभ असूनही त्यांना कर्णधारपदासाठी डावलले जात होते. त्यावरून मोठा वाद झाल्यानंतर १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. देवधर याच पिढीत आणि याच संघात वाढले. समाजातील उच्चनीचता मैदानावर कशी उतरते, हे त्या पिढीच्या खेळाडूंनी जवळून पाहिले होते.

== एम.सी.सी.विरुद्धचे शतक ==

१९२६-२७ च्या हंगामात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडच्या एम.सी.सी. संघाने भारताचा दौरा केला. मॉरिस टेट आणि जॉर्ज गिअरी यांच्यासारखे कसोटी गोलंदाज या संघात होते. मुंबईत हिंदू संघाकडून सी. के. नायडू यांनी अकरा षटकारांसह १५३ धावांची खेळी केली. त्यानंतर काही दिवसांनी मुंबईतच अखिल भारतीय संघाकडून खेळताना देवधरांनी १४८ धावा काढल्या आणि भारतीय संघाने पहिल्या डावात पाहुण्यांवर आघाडी घेतली.

नायडूंची खेळी तडाख्याची होती, तर देवधरांची संयमाची. भारतीय खेळाडू इंग्लंडच्या अव्वल दर्जाच्या गोलंदाजीपुढे टिकू शकतात, हे या दोन खेळ्यांनी दाखवून दिले. या दौऱ्यानंतर १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना झाली आणि जून १९३२ मध्ये भारताने लॉर्ड्सच्या मैदानावर पहिला कसोटी सामना खेळला. १९३२ च्या संघात देवधरांची निवड झाली नाही. तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. कसोटी दर्जा मिळविण्याच्या वाटचालीत ज्यांच्या खेळाचा वाटा होता, त्यांनाच कसोटी खेळण्याची संधी मिळाली नाही.

== महाराष्ट्र संघ ==

१९३४-३५ मध्ये रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली. इंग्लंडमधील परगण्यांच्या किंवा ऑस्ट्रेलियातील प्रांतांच्या स्पर्धेप्रमाणे येथेही संघ प्रदेशांवर आधारलेले होते. मुंबई इलाख्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि गुजरात असे स्वतंत्र संघ उतरले. पुणे हे महाराष्ट्र संघाचे केंद्र होते.

या संघाच्या नावाला विशेष महत्त्व आहे. त्या वेळी महाराष्ट्र नावाचे राज्य अस्तित्वात नव्हते. मराठी भाषक मुंबई इलाखा, मध्य प्रांत व वऱ्हाड, हैदराबाद संस्थान आणि अनेक लहानमोठी संस्थाने यांत विखुरलेले होते. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले. म्हणजे राज्याच्या निर्मितीपूर्वी सुमारे पाव शतक हे नाव धावफलकावर लागलेले होते. हा संघ सर्व मराठी भाषकांचा मात्र नव्हता. मुंबईचे मराठी खेळाडू मुंबईकडून खेळत आणि विदर्भातील खेळाडू मध्य प्रांत व वऱ्हाडच्या संघातून खेळत.

स्पर्धेची पहिली दोन विजेतेपदे मुंबईने मिळविली. त्यानंतर नवानगर, हैदराबाद आणि बंगाल हे विजेते ठरले. मुंबईसारखी साधने नसलेल्या आणि नवानगरसारखा संस्थानी आश्रयही नसलेल्या महाराष्ट्र संघाकडून फारशी अपेक्षा केली जात नव्हती.

=== सलग दोन विजेतेपदे ===

१९३९ ते १९४१ या काळात देवधरांनी महाराष्ट्राचे नेतृत्व केले. सूत्रे हाती घेतली तेव्हा त्यांनी सत्तेचाळिशी ओलांडली होती आणि संघातील बहुतेक खेळाडू त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वयाचे होते. सांगलीचे विजय हजारे आणि अष्टपैलू रंगा सोहोनी हे या संघातील प्रमुख तरुण खेळाडू होत. अष्टपैलू चंदू सरवटे हेही याच काळात महाराष्ट्राकडून खेळले.

१९३९-४० च्या हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाने काढलेले हे पहिले त्रिशतक होय. याच डावात हजारे आणि नागरवाला यांनी नवव्या गड्यासाठी २४५ धावांची भागीदारी केली. अंतिम सामन्यात महाराष्ट्राने पुण्यात संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव केला व करंडक प्रथमच जिंकला.

पुढील हंगामात सोहोनी यांनी स्पर्धेत ६५५ धावा केल्या. अंतिम सामना या वेळी मद्रास येथे यजमान मद्रास संघाशी झाला आणि महाराष्ट्राने तो सहा गडी राखून जिंकला. पहिले विजेतेपद घरच्या मैदानावर मिळाले होते. दुसरे परक्या खेळपट्टीवर मिळाल्याने पुण्याचा संघ फक्त आपल्या सपाट खेळपट्टीवर खेळू शकतो, असे म्हणण्यास जागा उरली नाही.

=== मुंबईविरुद्ध २४६ धावा ===

१९४०-४१ च्या हंगामात पुण्यात मुंबईविरुद्ध देवधरांनी २४६ धावांची खेळी केली. त्या वेळी ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. ही त्यांच्या कारकिर्दीतील सर्वोच्च धावसंख्या होय. मुंबईकडून खंडू रांगणेकर यांनीही द्विशतक काढले. दोन्ही संघांनी आपापल्या पहिल्या डावात सहाशेहून अधिक धावा केल्या. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडीवर निकाल ठरत असल्याने प्रत्येक धाव मोलाची होती. अखेर थोडक्या धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढील फेरीत गेला.

या सामन्यातील यश पुण्याच्या क्रिकेटप्रेमींना अंतिम सामन्यातील विजयाइतकेच मोलाचे वाटले. मुंबई हे क्रिकेटचे माहेरघर मानले जात असे. त्या संघाला रोखण्यासाठी अर्धशतकाच्या उंबरठ्यावर असलेल्या प्राध्यापकाने सर्वांत मोठी खेळी करावी, यामुळे देवधरांचे नाव प्रादेशिक अभिमानाचे प्रतीक बनले. याच सुमारास, डिसेंबर १९४० मध्ये, महात्मा गांधींनी धर्मावर आधारलेल्या सामन्यांविषयी नापसंती व्यक्त केली होती. पंचरंगी स्पर्धा १९४६ मध्ये कायमची बंद पडली. तोपर्यंत रणजी करंडकापेक्षा पंचरंगी सामन्यांनाच अधिक गर्दी होत असे. प्रदेशाच्या नावाने खेळणाऱ्या संघावरही लोक तितकेच प्रेम करू शकतात, याचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्राच्या या दोन हंगामांनी घालून दिले.

== विजेतेपदांनंतरचा काळ ==

महाराष्ट्राचे वर्चस्व फार काळ टिकले नाही. त्याचे मुख्य कारण खेळाडूंच्या उपजीविकेत होते. बडोदा आणि इंदूरच्या होळकर संस्थानांनी उत्तम खेळाडूंना नोकऱ्या देऊन आपल्या संघांत घेण्यास सुरुवात केली. हजारे बडोद्याला गेले, तर सरवटे होळकर संघात सामील झाले. १९४२-४३ ते १९५२-५३ या अकरा हंगामांपैकी तीन हंगामांत बडोदा आणि चार हंगामांत होळकर संघाने करंडक जिंकला. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून गुल महंमद आणि हजारे यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली, ती होळकर संघाविरुद्धच. महाराष्ट्रात नावारूपाला आलेले खेळाडू इतरांसाठी विजेतेपदे मिळवू लागले. पुण्यातील संस्थांकडे मैदाने व हौशी कार्यकर्ते होते, पण खेळाडूंना वर्षभर पोसण्याइतके बळ नव्हते.

मुंबईशी असलेली चुरसही मुंबईच्या बाजूने झुकली. १९४३-४४ मध्ये मुंबईत विजय मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा काढल्या. मार्च १९४९ मध्ये पुण्यात झालेल्या उपांत्य सामन्यात दोन्ही संघांनी मिळून २,३७६ धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील एका सामन्यातील धावांचा हा विक्रम होय. मुंबईने तो सामना ३५४ धावांनी जिंकला.

== उतारवयातील फलंदाजी ==

कर्णधारपद सोडल्यानंतरही देवधर खेळत राहिले. १९४४-४५ मध्ये नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके (१०५ व १४१) काढली. त्या वेळी त्यांचे वय बावन्न वर्षांचे होते. नियमित व्यायाम आणि संयमित राहणी यांचा ते आयुष्यभर पुरस्कार करीत. पहिल्या महायुद्धापूर्वी पदार्पण करून दुसऱ्या महायुद्धानंतरही प्रथम श्रेणी सामने खेळलेल्या जगातील मोजक्या खेळाडूंमध्ये त्यांचा समावेश होतो.

देवधर ८१ प्रथम श्रेणी सामने खेळले. त्यांत त्यांनी ३९.३२ च्या सरासरीने ४,५२२ धावा केल्या. त्यांत नऊ शतके होती. सामन्यांची संख्या आजच्या तुलनेत कमी वाटते. मात्र त्या काळी एका हंगामात मोजकेच प्रथम श्रेणी सामने होत आणि बाद फेरीत हरलेल्या संघाचा हंगाम तेथेच संपे, हे लक्षात घ्यावे लागते.

== प्रशासन व कुटुंब ==

निवृत्तीनंतर देवधरांनी महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्षपद आणि भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे उपाध्यक्षपद भूषविले. राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य म्हणूनही त्यांनी काम केले. आपल्या अनुभवांवर आधारित लेखनही त्यांनी केले.

त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या कन्या नामवंत बॅडमिंटनपटू होत्या. १९४० च्या दशकात त्यांनी राष्ट्रीय पातळीवर विजेतेपदे मिळविली. मुलींनी स्पर्धात्मक खेळांत उतरणे मध्यमवर्गीय कुटुंबांत दुर्मीळ असलेल्या काळात देवधरांच्या घरातून एकाच वेळी तीन बहिणी राष्ट्रीय स्तरावर खेळल्या.

== सन्मान ==

* १९६५ : पद्मश्री
* १९७३-७४ : त्यांच्या नावाने विभागीय संघांमधील एकदिवसीय देवधर करंडक स्पर्धेचा प्रारंभ
* १९९१ : पद्मभूषण
* १९९६ : भारतीय टपाल खात्याकडून टपाल तिकीट (मरणोत्तर)

देवधर करंडकासाठी उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम व मध्य असे विभाग परस्परांशी खेळत. पहिल्या हंगामात दक्षिण विभाग विजेता ठरला. प्रदेशाच्या नावाने खेळण्यात हयात घालविलेल्या खेळाडूचे नाव प्रदेशांच्याच स्पर्धेला मिळाले.

== मृत्यू ==

१४ जानेवारी १९९२ रोजी देवधरांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. मार्च १९९३ मध्ये महाराष्ट्र संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला, परंतु लुधियाना येथे पंजाबने त्याचा पराभव केला. बावन्न वर्षांपूर्वीच्या विजेत्या संघाचे कर्णधार तेव्हा हयात होते. त्यानंतर पाच महिन्यांनी, २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

== वारसा ==

महाराष्ट्राच्या क्रिकेटमध्ये मोठ्या खेळ्यांची परंपरा देवधरांच्या काळात रुजली व पुढेही टिकली. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तत्कालीन विश्वविक्रम नऊ धावांवर असताना काठियावाडच्या कर्णधाराने मध्यंतरात सामना सोडून दिला. २०१६ मध्ये स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी दिल्लीविरुद्ध तिसऱ्या गड्यासाठी ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली.

विजेतेपदाने मात्र महाराष्ट्राला सतत हुलकावणी दिली. १९७०-७१ च्या अंतिम सामन्यात, प्रमुख खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असूनही, मुंबईने महाराष्ट्राला ४८ धावांनी हरविले. १९९२-९३ मध्ये पंजाबने आणि २०१३-१४ मध्ये कर्नाटकाने अंतिम सामन्यात महाराष्ट्राला नमविले. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा विजेतेपदे मिळविणारा मुंबईचा संघ आणि २०१७-१८ पासून तीन वेळा करंडक जिंकणारा विदर्भाचा संघ हे दोन्ही आज महाराष्ट्र राज्यातीलच आहेत. राज्याचे नाव ज्या संघाने सर्वप्रथम धारण केले, त्याच्या खात्यावर मात्र देवधरांच्या कारकिर्दीतील दोनच करंडक आहेत.

महाराष्ट्र संघाचे घरचे मैदानही काळानुसार बदलले. पुण्याच्या वायव्येला आणि उत्तरेला पिंपरी-चिंचवडपासून निघोजे-चाकणपर्यंतचा शेतीचा प्रदेश कारखान्यांचा पट्टा झाला आणि त्याबरोबर वस्तीही वाढली. पुण्याच्या याच बाजूला, मावळ तालुक्यातील गहुंजे येथे पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगत महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे स्टेडियम उभे राहिले. २०१२ मध्ये तेथे पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला.  १९४०-४१ नंतरच्या पहिल्या विजेतेपदाची महाराष्ट्र संघाची प्रतीक्षा मात्र अद्याप संपलेली नाही.